घाटात पुकारलेलं नाव

आमच्या गावात चैत्र आल्याचं भोंग्यावरून कळतं. देवळामागच्या माळावर बैलगाड्यांचा घाट आहे. यात्रा उद्यावर आली की तिथल्या लिंबाला चार दिशांनी चार भोंगे बांधतात आणि नाना माईक हातात घेतात. नाना म्हणजे एसटीचे निवृत्त कंडक्टर. सगळी नोकरी "पुढं सरका, पुढं सरका" म्हणण्यात गेली, त्यामुळे त्यांच्या गळ्याला खरं तर माईकची गरज नाही. काल दुपारी त्यांचं "हॅलो, हॅलो, चेक" सुरू झालं तेव्हा मी डेअरीवर दुधाची फॅट काढत होते, आणि मला एकटीलाच हसू फुटलं. समोर किटली धरून उभ्या असलेल्या मावशींना वाटलं, त्यांच्या दुधात काहीतरी निघालं. पाणी लागलं का गं, असं त्यांनी भीतभीत विचारलं. मी म्हटलं, नाही हो मावशी, यात्रा आली म्हणून हसतेय.

यात्रा म्हटलं की मला काय काय आठवतं! मासवडीच्या सारणासाठी भाजलेल्या तीळ-खोबऱ्याचा वास. बैलांच्या पाठीवरून हात फिरवल्यावर तळव्याला राहिलेला तेलाचा ओशटपणा. उन्हानं तापलेली, भंडाऱ्यानं पिवळी झालेली घाटातली माती. आणि त्याच्याच शेजारी पुण्याच्या दवाखान्यातला एसीचा गारवा, अंगावर ओढलेली हिरवी चादर, काळ्या पडद्यावर क्षणभर चमकलेला एक पांढरा ठिपका. ऐकणाऱ्याला वाटेल बाई काहीही जोडतेय. पण हे सगळं माझ्या एकाच यात्रेतलं आहे.

घाट ज्यांनी पाहिला नाही त्यांच्यासाठी सांगते. घाट म्हणजे चढाची सरळ पट्टी. खालून चार बैलांचा गाडा सुटतो, पुढं घोडी पळते, आणि अकरा-बारा सेकंदांत सगळं वर. एका गाड्याच्या पळण्याला बारी म्हणतात. त्या बारा सेकंदांसाठी वर्षभर बैलांना खुराक, मालिश, अंघोळी. निरगुडसरपासून ओतूरपर्यंत कुठल्याही गावात जा, पोराला चष्मा लागला तरी बापाचं लक्ष जात नाही, पण बैल एक घास कमी खायला लागला तर घर डोक्यावर घेतात. मी ओतूरची. माहेरी शेती होती पण गाडा नव्हता. लग्न होऊन या घरात आले तेव्हा पहिले सहा महिने मला कळेना की आपण सून म्हणून आलोय की बैलांची पाहुणी म्हणून.

गाडा कोणाच्या नावानं पळतो, याला आमच्याकडे फार मान आहे. मालक स्वतःचं नाव क्वचितच देतो. देतो ते घरातल्या लहान लेकराचं. पोर पाळण्यात अंगठा चोखत पडलेलं असतं आणि इकडे नाना पुकारत असतात, कुमारी अमुक तमुक यांचा गाडा घाटात उभा आहे हो! घरात भाकरी थापणाऱ्या तिच्या आईला ते ऐकू जातं आणि भाकरी जराशी मोठी होते. आमचा गाडा मात्र दर वेळी माझ्या सासऱ्यांच्या नावानं. कैलासवासी सोपानराव. लग्नानंतर मी त्यांना जेमतेम वर्षभर पाहिलं, फार गोड माणूस, त्यांच्या नावाबद्दल माझी काही तक्रार नाही. पण गावातल्या पन्नास-साठ गाड्यांत चिरंजीव आणि कुमारी पळायचे, आणि आमचे तेवढे कैलासवासी. ते भोंग्यातून ऐकताना दर वर्षी काहीतरी टोचायचं, आणि मी उगाच चुलीत लाकूड सारायची.

मध्ये बरीच वर्षं शर्यतींना बंदी होती. लोकांनी बैल विकले. दत्तानं विकले नाहीत. (नवऱ्याचं नाव असं उघड लिहिते म्हणून आत्या, म्हणजे माझ्या सासूबाई, तोंड वाकडं करतील. पण "हे" आणि "ते" करत लिहायला बसले तर वाचणाऱ्याला कळायचं नाही की नवरा कोण आणि बैल कोण.) घाटात कुसळं माजलेली, आणि हा माणूस रोज सकाळी हौशा आणि पाखऱ्याला उडदाची डाळ, दूध, अंडी चारतोय. लोक म्हणायचे, दत्ताभाऊ, पळवायचं न्हाई तर पोसता कशाला राव? तो म्हणायचा, पळतील की कवातरी. त्याच वर्षांत आमचे दवाखाने चालू होते. लोक मलाही साधारण तेच विचारायचे, फक्त आडून.

तीनदा गर्भ पोटात सोडला होता आणि तीनदा राहिला नव्हता. पहिल्या दोन वेळा बीजं काढली त्याच महिन्यात दोन-दोन गर्भ सोडले. तिसऱ्या वेळी गोठवून ठेवलेले. आधीच्या डॉक्टरांचं काही चुकलं असं मी म्हणणार नाही, त्यांनी त्यांच्या परीनं केलं. पण दर वेळी घरी आले की आत्या मला चौदा दिवस खाटेवर झोपवायच्या. डॉक्टरांनी सांगितलं नव्हतं, तो आमचा घरगुती शोध. गावाला सांगितलं होतं की कंबर धरलीय. झालं! सगळ्या गावानं माझी कंबर मनावर घेतली. सात प्रकारची तेलं जमली घरात. एका आजींनी तर कुठल्याशा पाल्याचा लेप स्वतः येऊन लावला. मी पालथी पडून लेप लावून घेतेय, पोटात जीव धरतोय की नाही याची धाकधूक, आणि आजी विचारतायत, उतरला का गं ठणका? मी म्हणतेय, उतरला, उतरला. आज आठवलं की पोट धरून हसते. तेव्हा मात्र हसू येत नव्हतं.

तिसऱ्या वेळी तर रिपोर्ट चांगला आला होता. दोन दिवस. दोन दिवसांनी पुन्हा रक्त तपासलं तर आकडा वाढायचा तो निम्मा झालेला. फोन आला तेव्हा मी डेअरीवरच होते. समोर रांग होती. मी "बरं" म्हणून फोन ठेवला, पुढच्या किटलीत नळी घातली, चिठ्ठीवर फॅट लिहिली. रांग संपल्यावर दूध गार करायच्या त्या मोठ्या टाकीमागे जाऊन उभी राहिले. टाकीची मोटर चालू असली की कुणाला काही ऐकू जात नाही. गावात कुणालाच कळलं नाही की माझं काही आलं होतं आणि गेलं. आम्हीच तसं ठरवलं होतं. लोक बोलतील, कीव करतील, नकोच ते.

मग पुण्याच्या या मॅडम भेटल्या. वयानं माझ्याएवढ्याच, बोलायला तुटक, पण माझी फाईल त्यांनी पहिल्या पानापासून वाचली. मला तर वाटलं होतं मॅडम आता नवीन मोठी औषधं लिहितील. त्यांनी उलटं सांगितलं. म्हणाल्या, या वेळी घाई करायची नाही. बीजं काढू, गर्भ बनवू, पाच दिवस वाढू देऊ, आणि जे तगतील ते सगळे गोठवून ठेवू. त्या महिन्यात काहीही सोडायचं नाही, इंजेक्शनांनी शरीर शिणलेलं असतं. आधी दुर्बिणीतून गर्भाशय आतून बघू. बघितलं तर आत एक छोटा मस निघाला, तो काढला. दोन पाळ्या थांबायचं, मग माझ्या शरीराचं स्वतःचं जे चक्र चालतं त्याच्याच मागोमाग जायचं, आणि एकच गर्भ सोडायचा. मी विचारलं, एकच? मागं दोन-दोन सोडून राहिले नाहीत. त्या म्हणाल्या, दोन सोडले म्हणजे घर दुप्पट तयार होतं असं नाही. आणि वर हेही म्हणाल्या की प्रत्येकीचं वेगळं असतं, तुमच्यासाठी मला हे बरं वाटतंय, पण खात्री मी देणार नाही. खात्री देत नाही म्हणणारी माणसं मला आवडतात. डेअरीवर जो गवळी शपथ घेतो त्याचंच दूध मी दोनदा तपासते.

घरी येऊन आत्यांना समजवायचं म्हणजे मोठं काम वाटत होतं. गर्भ गोठवणार, कॅनमध्ये ठेवणार, नायट्रोजन, उणे अमुक तापमान. दवाखान्यातल्या मुलीनं आम्हा दोघांना हे तासभर समजावलं होतं, चित्रं काढून. आत्यांनी अर्ध्यात थांबवलं. "म्हंजी आपल्या गाईच्या डॉक्टरच्या फटफटीला कॅन असतो, धूर निघतो त्यातनं, तसलाच ना?" मी म्हटलं, तसलाच. "मग त्यात काय एवढं. आपली चंद्री त्यातलीच हाय," असं म्हणून त्या उठल्या आणि चंद्रीला, म्हणजे आमच्या गाईला, कडबा टाकायला गेल्या. पुण्यातल्या त्या मुलीला हे सांगायला हवं होतं, तिचा पुढचा तास वाचला असता.

शरीराच्या चक्रामागं जायचं म्हणजे तारीख आपल्या हातात राहत नाही. आधी औषधांनी तारीख बसवायचे, पाहुणे-सण टाळून. या वेळी माझ्या शरीरानं स्वतःच दिवस निवडला, आणि निवडला तो यात्रेच्या बरोबर आठ दिवस आधीचा. म्हणजे बाराव्या दिवशी रक्त तपासायचं, आणि आठव्या दिवशी घरात तीस पाहुणे. मी हादरलेच. मॅडमना विचारलं, झोपून राहू ना? त्या म्हणाल्या, अजिबात नाही. पोती उचलू नका, बाकी रोजचं सगळं करा. आत्यांना हे पटायला दोन दिवस लागले. शेवटी एवढंच म्हणाल्या की डॉक्टरीण शिकलेली दिसते, पण खाट मी अंगणात टाकून ठेवते, वाटलं तर पडायचं.

ज्या दिवशी गर्भ सोडला तो दिवस मला उलगडून ठेवलेल्या कापडासारखा आठवतो. दत्ता डोक्यावर निळी टोपी घालून माझ्या उशाशी उभा. अशा टोपीत तो घाटातला मर्द काही दिसत नव्हता, लग्नातला वाढपी दिसत होता. पडद्यावर काळंपांढरं काहीतरी हलत होतं. मॅडम म्हणाल्या, आता बघा. आणि एक पांढरा ठिपका चमकला, सरकला, थांबला. दत्तानं माझा हात इतका दाबला की बांगडी पिचली. "आलं बघ," तो म्हणाला. मॅडमनी शांतपणे सांगितलं की तो ठिपका म्हणजे सोबतचा हवेचा बुडबुडा, गर्भ एवढ्यानं दिसत नाही. दत्तानं मान हलवली. पण त्याच्या तोंडाकडे बघून मला कळलं की बुडबुडा वगैरे त्याच्या कानात शिरलेलं नाही. त्यानं आपल्या लेकराला बघितलं होतं.

परत येताना देवळापाशी त्यानं गाडी थांबवली. यात्रा कमिटीची माणसं ओसरीवर बसली होती, गाड्यांची नावं घेत. दोन मिनिटांत नाव देऊन येतो म्हणाला. मी गाडीतच बसले. लांबून दिसत होतं, लिहिणारा काहीतरी विचारतोय, दत्ता मान हलवतोय, पुन्हा विचारतोय. मला वाटलं, नेहमीप्रमाणे सोपानराव की सोपान एवढंच यावरून चाललं असेल. तो आला तेव्हा त्याचे कान लाल होते. उन्हानं असतील म्हणून मी काही विचारलं नाही.

यात्रेचा दिवस. घर पाहुण्यांनी फुललेलं. पडवीत आम्ही पाच-सहा बायका मासवड्या करत होतो. ओल्या फडक्यावर शिजवलेलं बेसन थापायचं, त्यावर सारण भरायचं, आणि फडक्यानंच वळत न्यायचं, बेताबेतानं, चीर जाऊ न देता. ते काम आत्या माझ्याकडेच देतात, माझा हात त्याला बरा आहे. मला सारखं वाटत होतं की पोटात काहीतरी जाणवतंय, आणि लगेच वाटत होतं की काही नाही, हरभऱ्याची डाळ असेल. बाहेर नानांचा आवाज चालूच होता. अमक्याची बारी, तमक्याची बारी, बारा सेकंद, तेरा सेकंद. मग आमच्या गाड्याची पाळी आली हे मला हौशाच्या नावावरून कळलं, आणि मी सवयीनं मनाशी म्हटलं, आता कैलासवासी सोपानराव.

नाना म्हणाले, "घाटात गाडा येतोय, बाळ दत्तात्रय सोपान यांचा."

आणि ते थांबले. नाना माईकवर थांबले असं मी त्याआधी कधी ऐकलं नव्हतं. पडवीत सगळ्यांचे हात थांबले. माझ्या चुलत जावेच्या हातातली तिळाची वाटी तशीच. सगळ्या माझ्याकडे बघायला लागल्या. दत्ताला मूल नाही हे तर साऱ्या तालुक्याला ठाऊक. भोंग्यातून कागद फडफडल्याचा आवाज आला, आणि मग नानांनी, तीस वर्षं एसटीत अर्धं तिकीट फाडताना आईबापांना विचारलं असेल त्याच सुरात, विचारलं, "दत्ताभाऊ, बाळ कुठंय?"

खालून दत्ता काय ओरडला ते आम्हाला ऐकू आलं नाही. पण नानांना आलं. "बाळ वाटंवर हाय म्हनतात, मंडळी!" त्यांनी भोंग्यातून सांगितलं. मग घाटावरून जो आवाज उठला, शिट्ट्या, आरोळ्या, हलगी, तसा मी आजवर पहिल्या नंबराच्या बारीलाही ऐकला नाही. त्या गडबडीत गाडा सुटला. पाखऱ्या म्हणे त्या आवाजानं बिथरून एकदा वाकडा पळाला. आमचा नंबर कुठलाच आला नाही.

मला काय वाटलं? खरं सांगू? मला त्याचा गळा धरावासा वाटला. दत्ता, तुझ्या बैलांना पटकी होवो, असंही मनात येऊन गेलं, पण बैलांचा काय दोष म्हणून परत घेतलं. चार दिवस बाकी होते तपासणीला. चार दिवस! आणि यानं सगळ्या पंचक्रोशीला भोंग्यातून सांगून टाकलं. आकडा आला नाही तर? आला आणि मागच्यासारखा उतरला तर? टाकीमागे जाऊन रडायची माझी एक जागा होती, तीही यानं उघडी करून टाकली. पडवीत आत्या तेवढ्या जागच्या हलल्या नाहीत. म्हणाल्या, "बघत काय बसल्या? रश्श्याचं वाटण लागंल खाली." मग त्यांनी माझ्या हातातलं फडकं घेतलं, अर्धी राहिलेली वडी नीट वळली, आणि माझ्या पाठीवर हात ठेवला. तिळानं भरलेला हात, पाठीवर तसाच ठसा उमटला.

दिवस मावळताना मी गोठ्यात गेले. दत्ता हौशाला धूत होता. मी जे बोलले ते इथं लिहीत नाही. तो ऐकून घेत राहिला, हात बैलाच्या पाठीवर चालूच. लिहिणाऱ्यानं विचारलं होतं म्हणे, चिरंजीव लिहू का कुमारी? यानं सांगितलं, ते आमाला म्हाईत न्हाई आन् विचारायला बंदी हाय, नुसतं बाळ लिहा. हे सांगताना त्याला वाटलं मी हसेन. मी हसले नाही. मग बादली खाली ठेवून तो म्हणाला:

"आधीची तीन आली नि गेली. कुनाला म्हाईत न्हाई, कुनी नाव न्हाई घेतलं त्यांचं. आपुन दोघांनी बी न्हाई घेतलं. मला वाटलं, ह्याचं एकदा घाटात नाव पुकारू दे. राहिलं तर लई चांगलं. न्हाई राहिलं तर आलं व्हतं, एवढं तरी गावाला कळंल."

हौशाच्या पाठीवरून पाणी निथळत होतं. मी पलीकडच्या बाजूनं फडकं घेतलं आणि त्याला पुसायला लागले. बैल दोघांच्या मध्ये होता ते बरं झालं, कारण दत्ता रडत होता आणि मीही, आणि एकमेकांना दिसलो असतो तर दोघंही थांबलो असतो.

दुसऱ्या दिवशी डेअरीवर जायला पाय उचलेना. आता बघा, कीव सुरू होणार, सल्ले सुरू होणार, असं धरूनच गेले. झालं ते निराळंच. कुणी मला विचारलंच नाही. फक्त दुधाचा कॅन मी हात लावायच्या आधी कुणीतरी उचलून ठेवलेला असायचा. खुर्चीवर कुणीतरी उशी आणून ठेवली. टेबलावर कुणी चार कैऱ्या ठेवल्या, कुणी आवळ्याची बरणी. आणि मग रांग सरल्यावर, किटल्या विसळता विसळता, बायका बोलायला लागल्या. लेप लावणाऱ्या त्या आजी आधी. म्हणाल्या की त्यांचं पहिलं सातव्या महिन्यात गेलं, त्याला पन्नास वर्षं झाली, नवऱ्याशीसुद्धा त्यावर कधी बोलल्या नाहीत. मग पाटाकडेच्या मळ्यातल्या काकू. मग एक माझ्याहून लहान, जिचे दोन गोंडस मुलगे मी रोज शाळेत जाताना बघते, तिचंही मधलं एक. चार दिवसांत पाच जणी. मी इतकी वर्षं त्या टाकीमागे एकटी उभी राहत होते, आणि टाकीच्या अलीकडे रोज किटल्या धरून या सगळ्या उभ्या होत्या. लेपवाल्या आजींनी शेवटी विचारलं, तुझी कंबर तवा दुखतच नव्हती ना गं? मी नाही म्हटलं. त्या म्हणाल्या, मला कळलं व्हतं, कंबरदुखीची बाई अशी भिंतीकडं टक लावून बघत न्हाई.

बाराव्या दिवशी मंचरला जाऊन रक्त दिलं. दुपारी फोन आला. आकडा आला होता. मी दत्ताला सांगितलं, आणि दोघंही नाचलो नाही, कारण आकडा काय, मागेही आला होता. चौदाव्या दिवशी पुन्हा दिलं. त्या दुपारी डेअरीवर दूध घालायची वेळ नव्हती, तरी बारा-पंधरा बायका कसली ना कसली निमित्तं काढून आल्या होत्या. कुणाला हिशेबाचं पुस्तक बघायचं होतं, कुणाला पेंड कधी येणार ते विचारायचं होतं. नानाही आले, त्यांच्याकडे तर म्हैससुद्धा नाही. फोन वाजला. मी ऐकलं. आकडा दुपटीहून पुढं गेला होता. मी मान डोलावली. लेपवाल्या आजींनी डोळ्याला पदर लावला, आणि नाना, माईक नसताना, अख्ख्या गावाला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाले, "चला, पुढं सरका!"

त्यानंतरचे महिने म्हणजे निव्वळ खाणंपिणं आणि चेष्टा. येडगावच्या धरणाकाठची माझी मावशी मासे घेऊन यायची आणि मला वासानं उमळून यायचं, की आत्या खूश. पहिल्यांदा ठोके ऐकले तेव्हा दत्ता मॅडमना म्हणाला की हे तर घोडीच्या टापांसारखं वाजतंय. मॅडम, ज्या कधी हसत नाहीत, त्या हसल्या. मुलगी झाली. नाव दत्ताच्या बहिणीनं ठेवलं, पण गावात तिला कुणी त्या नावानं हाक मारत नाही. गावात ती बाळच. पुण्याच्या कॅनमध्ये आमचा आणखी एक आहे. आत्या कधीकधी चंद्रीला कडबा टाकता टाकता विचारतात, त्याला यात्रेला कवा आणायचं. मी म्हणते, बघू. हे "बघू" म्हणताना मला आता भीती वाटत नाही.

हे सगळं काल नानांच्या "हॅलो चेक"नं आठवलं, आणि आठवायला आणखी एक कारण होतं. महिन्यापूर्वी खालच्या आळीतली एक जण डेअरीवर आली. रांग संपेपर्यंत थांबली. लग्नाला आठ वर्षं, दोनदा गर्भ सोडून झालेला. तिला माझ्या मॅडमची पद्धत हवी होती, जशीच्या तशी. मी तिला सांगितलं की माझी पद्धत म्हणजे गोळ्यांची चिठ्ठी नाही, तुझ्या डॉक्टरला तुझं वेगळं दिसत असेल. खरंच तसं निघालं. तिच्या डॉक्टरांनी औषधांनी तारीख बसवून सोडायचं ठरवलं, कारण तिची पाळीच नेमानं येत नाही. मी तिला फक्त टाकीमागची जागा दाखवली. म्हटलं, इथं मी उभी राहायची, तू राहू नकोस, इकडे माझ्या शेजारी खुर्ची आहे. गेल्या शुक्रवारी तिच्या पोटात गर्भ सोडला. मला तिनंच सांगितलं, दुसऱ्या कुणाला नाही.

आज यात्रा. मासवड्या लवकर आटोपून मी घाटावर आले, लेक खांद्यावर. आता मी घरात बसून ऐकत नाही, उभी राहून बघते. आमची बारी झाली, कुमारी म्हणून झाली, नंबर याही वर्षी नाही. मग पुढच्या गाड्याचा कागद नानांनी डोळ्यांजवळ नेला. खालच्या आळीतल्याच एकाचा गाडा. नानांनी वाचलं, "बाळ," आणि पुढे तिच्या नवऱ्याचं नाव. मी वळून बघितलं. ती बायकांच्या घोळक्यात उभी होती, पदर तोंडाशी धरून. तिला माहीत नव्हतं, हे तिच्या चेहऱ्यावर लिहिलेलं होतं. तिचा नवरा खाली, गाडा जुंपतात त्या जुकाटाजवळ, मान खाली घालून.

नानांनी माईक तोंडापाशी नेला. या वेळी ते थांबले नाहीत.

"बाळ कुठंय?" त्यांनी विचारलं.

आणि त्या बिचाऱ्यानं तोंड उघडायच्या आत सगळा घाट, म्हातारे, पोरं, आमच्या आत्या, लेपवाल्या आजी, दत्ता, आणि माझ्या खांद्यावरची माझी लेक, जिला कशाचा काही पत्ता नाही, एका आवाजात ओरडले, "वाटंवर हाय!"